टिटवी मागे वळून बघायची

मित्रांनो, विज्ञानाच्या वर्गात छताला वटवाघळासारखा उलटा लटकलेला जुना प्रोजेक्टर आहे ना, तो मी. उलटा लटकूनही भिंतीवर चित्र सरळ पाडतो, याचा मला फार तोरा होता. आता तो उरलेला नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. भिंग बसवणाऱ्या बाईंचे पांढरे हातमोजे तेवढे आठवतात. तिथून खोक्यात बसून मी थेट या शाळेत आलो. मला आणण्यासाठी विज्ञानाच्या बाईंनी मुख्याध्यापकांना अगदी भंडावून सोडलं होतं. कारण होती पहिल्या बाकावरची एक मुलगी. तिला ऐकू फार कमी यायचं आणि ती बोलायची मात्र चढ्या आवाजात, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. "कानांनी नाही तर नाही, डोळ्यांनी शिकेल पोरगी," असं बाईंचं म्हणणं.

खरं तर टिटवी डोळ्यांनीच शिकत होती. ती बाईंचे ओठ वाचायची. फळ्यावर लिहून झालं की मुलांकडे वळायचं आणि मगच बोलायचं, ही बाईंची जुनी सवय. त्या सवयीवर एका मुलीचं शिक्षण चाललंय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी आलो आणि ती सवय मोडली. माझं चित्र उठून दिसावं म्हणून खिडक्यांचे पडदे ओढले गेले. बाई लॅपटॉप घेऊन वर्गाच्या मागे, अंधारात उभ्या राहून बोलू लागल्या. भिंतीवर धडधडणारं हृदय पाहून मुलं "आई गं!" म्हणून ओरडली. जाता जाता शिपाईसुद्धा दारात थबकला. मी हरखून गेलो.

फक्त टिटवी सारखी मागे वळून बघायची. मग बाई जवळ येऊन तिची मान हलकेच पुढे वळवायच्या आणि भिंतीकडे बोट दाखवायच्या. मलाही तिचा राग यायचा. एवढं देखणं चित्र सोडून ही अंधारात काय शोधते? माझा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडत होता, तो चेहरा रडवेला झालेला मला दिसत होता. पण मला माझ्या चित्राचं कौतुक जास्त. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

परीक्षेत टिटवी साफ आपटली. शिवणकाम करणारे तिचे बाबा गळ्यातली टेप तशीच ठेवून शाळेत धावत आले. "बाई, घरी विचारलं तर म्हणते, लाल होतं, निळं होतं, हलत होतं. त्यापुढे गाडीच जात नाही हो!"

टिटवीला त्याच वर्गात पुन्हा बसवलं. तिच्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर गेल्या.

पुढच्या वर्षी तोच हृदयाचा धडा चालू असताना धुळीने माझा पंखा अडकला. मी तापलो आणि बंद पडलो.

"झालं! आयत्या वेळी दगा दिला," बाई वैतागल्या. त्यांनी पडदे सरकवले, फळ्यावर खडूने हृदय काढलं आणि मुलांकडे वळून बोलायला सुरुवात केली. तशी टिटवी ताडकन उभी राहिली.

"बाई, आज तुम्ही दिसताय!"

सगळा वर्ग खो-खो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या तिच्या समोर येऊन बसल्या. "मागे वळून मला शोधायचीस का गं?"

टिटवीने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही तो माझ्यासाठी आणला होता ना."

बाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. मलाही तेव्हा कुठे सगळं उमगलं.

माझी दुरुस्ती झाली. आता बाई आधी चित्र दाखवतात आणि ते मुलांना शांतपणे बघू देतात. मग खिडक्यांचे पडदे उघडून समोर उभ्या राहतात आणि बोलतात. उजेडात माझं चित्र फिकं पडतं, पण त्याचं मला काही वाटत नाही. टिटवी आता पटापट उत्तरं देते.

पण मित्रांनो, मी ज्या छताला टांगलेला आहे, त्याच्यावरच तिच्या मैत्रिणींचा वर्ग भरतो. तिथे बाकं सरकली की मी हादरतो आणि भिंतीवरचं चित्र हलतं. बाकीची मुलं हसतात. टिटवीला बाकांचा आवाज ऐकू येत नाही, पण चित्र हललेलं दिसतं आणि ती वर बघते. तिचं ते वर्ष मला परत देता येत नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मला जरूर लावा. पण पडदे ओढण्याआधी, अंधारात कोण मागे वळून बघतंय, तेवढं एकदा बघा.