पडद्याच्या पलीकडे आजी होत्या

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि तुम्ही दवाखान्यातल्या खाटेवर पडला आहात अशी कल्पना करा. आजूबाजूला अकरा खाटा, अकरा अनोळखी माणसं. तुमचे कपडे बदलायचे आहेत आणि नजरा चुकवायला कुठे जागा नाही. अशा वेळी चाकं कुरकुरवत जो तुमच्या आणि जगाच्या मध्ये येऊन उभा राही, तो मी. मी एक जुना घडीचा पडदा आहे.

लोखंडी नळ्यांच्या तीन चौकटी, मध्ये बिजागऱ्या, खाली चाकं आणि अंगावर हिरवं कापड. वेल्डरने मला जोडलं, दवाखान्याच्या शिंप्याने मला कपडे शिवले. दर शनिवारी ते कापड धुवायला जाई आणि मी दिवसभर नुसत्या सांगाड्यानिशी लाजत उभा राही. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर माझी चौकट पुसताना म्हणत, "हा आहे म्हणून माझ्या पेशंटची अब्रू आहे." त्या दिवशी माझी चाकं जरा कमीच कुरकुरत.

आता वॉर्डात छतावरून सरकणारे पडदे आलेत. माझं एक चाक निखळलं आहे आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटांच्या शेजारी उभा आहे. तरीही दुपारचे चार वाजले, भेटीची वेळ झाली, की मी कान टवकारतो. एका आवाजाची मला अजून ओढ आहे.

तो आवाज पाच नंबरच्या खाटेवरच्या आजींचा. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता घसा बसला होता, पण खोड गेली नव्हती. औषधांची ट्रॉली दिसली की त्या घोगऱ्या आवाजात म्हणत, "लक्ष द्या. कडू गोळ्यांची गाडी फलाटावर येत आहे. उशीर न झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत." सगळा वॉर्ड हसे. सर्वांत जास्त हसे ती त्यांची आठ वर्षांची नात. शाळा सुटली की ती आईवडिलांबरोबर येई आणि आजीकडून गोष्ट ऐकल्याशिवाय हलत नसे.

मित्रांनो, माझ्या बाबतीत मोठी माणसं एक चूक हमखास करत. माझ्याआड उभं राहिलं की आपण दुसऱ्या खोलीत गेलो, असं त्यांना वाटे. मग ती आवाज थोडासा उतरवून खुशाल बोलत. पण मी पडलो कापडाचा. मला नजर अडवता येते, आवाज नाही.

त्या दिवशी आजींचा डोळा लागलाय असं समजून त्यांच्या मुलाने मला खाटेशेजारी ओढलं आणि डॉक्टरीणबाईंना माझ्याआड बोलावलं. सूनबाई आल्या, त्यांच्या पदराला धरून नातही आली.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की घशातली गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढलं तर आजी आणखी बरीच वर्षं जगण्याची आशा आहे, पण आवाज कायमचा जाईल. नाही काढलं तर आवाज काही महिने टिकेल, पण आजी फार दिवस राहणार नाहीत.

"आवाजाचं तिला सांगू नका," मुलगा म्हणाला. "ती नाही म्हणेल. गाठ काढायची आहे, एवढंच सांगून मी सही घेतो."

"आणि शुद्धीवर आल्यावर कळलं तर?" सूनबाईंनी विचारलं.

"रागावायला ती असेल तरी."

मला त्याचा राग आला नाही. माझी चौकट त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी हातातली फाईल मिटली. त्यांनाही ऑपरेशन व्हावं असंच वाटत होतं. तरी त्या म्हणाल्या, "वाचवायचं मलाही आहे. पण गळा त्यांचा आहे हो."

तेवढ्यात पलीकडून तो आवाज आला.

"लक्ष द्या. पडद्यामागच्या प्रवाशांनी कृपया पुढे यावे. तुमचं सगळं बोलणं इथवर येतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या कामाची लाज वाटली. बाजूला व्हावंसं फार वाटलं, पण पडद्याला आपणहून हलता येत नाही.

नातीने पुढे होऊन माझी एक चौकट मिटली, मग दुसरी, आणि मला भिंतीकडे ढकललं. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि तेच सगळं आजींच्या डोळ्यांत बघत पुन्हा बोलल्या. आजींनी तीन-चार प्रश्न विचारले. मग मुलाला म्हणाल्या, "तू घाबरलास ते कळतंय रे मला. पण आधी मला विचारायचंस. आता दोन दिवस कुणी समजूत घालायला येऊ नका."

दोन दिवसांनी त्यांनी काय ठरवलं, ते मी सांगणार नाही. ते त्यांचं आहे, आणि माणसाचं त्याच्यापाशी राखणं हेच माझं काम. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर त्यांना जरूर जपा, मित्रांनो. पण त्यांना पडद्याबाहेर ठेवून जपू नका.

त्या दुपारी आजी शेवटी एवढंच म्हणाल्या, "आता लावा तो पडदा."

मोठी माणसं निमूट बाहेर गेली. नातीने मला ओढत आणलं, माझ्या तिन्ही चौकटी नीट उघडल्या, कोपऱ्यातली फट बुजवली आणि ती स्वतः आत राहिली. मग खाटेवर चढून तिने आजीच्या गळ्याला आपला कान लावला आणि म्हणाली, "आजी, गोष्ट सांग. सावकाश सांग."