हरलेल्याच्या हाती लगाम

हल्ली माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून म्हटलं आता आपणच बोलावं. मी एक गाडा आहे. दोन घोड्यांचा, ओकच्या लाकडाचा, नॉर्डाल गावचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या पश्चिम भागात, जिथे माणसांपेक्षा गाई जास्त, तिथे आंदर्स त्वाइट नावाच्या शेतकऱ्याने मला स्वतःच्या हातांनी घडवलं. रोज सकाळी दुधाचे कॅन लोणी-कारखान्यात पोचवायचे, एवढंच माझं काम होतं. राजकारणाशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं.

पण आला. वॉशिंग्टनला जाणाऱ्या खासदाराची निवडणूक होती आणि दोन्ही उमेदवार आमच्याच गावचे होते. एक बियाणं विकणारा रिपब्लिकन, दुसरा शाळामास्तर डेमोक्रॅट. दोघांनी महिनाभर एकमेकांची अशी उणीदुणी काढली की मास्तरांच्या बाजूचे लोक बियाणं आणायला परगावी जाऊ लागले. मास्तर हरले. त्या शनिवारी आंदर्सने मला कोर्टाच्या चौकात आणून उभं केलं आणि दोघांना हाक मारली.

"चढा दोघंही. हरलेला हाकेल, जिंकलेला शेजारी बसेल."

"हरलेला का म्हणून?" बियाणेवाल्याने विचारलं.

"म्हणजे तुला कळेल तुझी मान कुणाच्या हातात आहे ते."

चौक हसला. मास्तरांनी लगाम धरले, चौकाला एक फेरी मारली आणि मुद्दाम सगळ्या खड्ड्यांतून मारली. परत आले तेव्हा बियाणेवाला कंबर धरून हसत होता. मग सगळ्यांनी चर्चच्या तळघरात बसून वाटाण्याचं सूप आणि बटाट्याच्या पातळ पोळ्या खाल्ल्या.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी, निवडणुकीनंतरच्या शनिवारी, माझी फेरी ठरलेली. दुधाला भाव मिळेना म्हणून लोकांनी रस्त्यावर दूध ओतलं, त्या वर्षीही ती निघाली. मुलं लढाईवर गेली होती तेव्हाही निघाली. एक रिपब्लिकन पुढे वीस वर्षं निवडून येत राहिला, त्याच्या शेजारी मी इतके वेगवेगळे हरलेले बघितले की विचारू नका. मग एक डेमोक्रॅट गवळी निवडून आला. तेव्हा त्या म्हाताऱ्या रिपब्लिकनने पहिल्यांदाच लगाम धरले. लगाम त्याच्या हातातून निसटत होते. गवळ्याने लोकांची नजर चुकवून एका हाताने लगाम सावरून धरला. मला ते दोघंही आवडायचे. अशी माणसं मी नंतर पाहिली नाहीत.

आमच्या, म्हणजे नॉर्वेहून येऊन इथे वसलेल्या लोकांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. पहिल्या बोलावण्याला इथे कुणी हो म्हणत नाही. कॉफी विचारा, "नको, कशाला त्रास." पुन्हा विचारा, "नको, खरंच नको." तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप दे," आणि मग बसून तीन कप पितात. माझ्यावर चढतानाही तसंच. जिंकलेला दोनदा नको म्हणायचा, तिसऱ्यांदा चढायचा. पहिल्याच हाकेला चढणारा माणूस उतावळा समजला जायचा.

आंदर्सच्या नातवंडांपैकी मार्लिस आणि गेलन ही बहीणभाऊ गावात राहिली. त्यांच्या शेतांमध्ये एकच कुंपण. मी मार्लिसच्या कोठारात असायचो. फेरीच्या आदल्या दिवशी गेलन यायचा आणि माझ्या चाकांना ग्रीस लावायचा. तो लावताना ती बाजूला उभी राहून चुका काढायची. "तिथं राहिलं बघ." "दिसतंय मला." हेच त्यांचं प्रेम होतं, दुसरं काही बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग लोणी-कारखाना बंद पडला. शाळा शेजारच्या गावात गेली. लहान गोठे विकले गेले आणि मोठे लांबलचक पत्र्याचे गोठे उभे राहिले, त्यांत कोण काम करतं हे गावालाही नीट ठाऊक नसायचं. राज्याच्या राजधानीत बसून कुणीतरी मतदारसंघाचा नकाशा नव्याने आखला आणि दोन तासांवरच्या शहराची उपनगरं आम्हाला जोडून टाकली. मतं तिकडे जास्त, म्हणून उमेदवारही तिकडचेच येऊ लागले. त्यांच्या जाहिराती टीव्हीवर दिवसभर चालायच्या. त्यांत शेत असायचं, पण ते आमचं नसायचं.

त्या जाहिराती मार्लिसच्या घरात एक बोलायच्या आणि गेलनच्या घरात दुसरंच. एकेकाळी दोघांनीही त्या गवळ्यालाच मत दिलं होतं. आता ती डेमोक्रॅट आणि तो रिपब्लिकन. एका रविवारी चर्चमध्ये ती त्याला म्हणाली, "तुझा माणूस धादांत खोटं बोलतो, आणि तू मान डोलावतोस."

तो म्हणाला, "तुम्ही लोक स्वतःला फार शहाणे समजता."

तुम्ही लोक! सख्ख्या बहिणीला. मार्लिस घरी आली, कोठारात माझ्या पायरीवर बसली आणि तेवढेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणाली. त्या वर्षी ग्रीस तिने स्वतः लावलं. तिला वाकता येत नव्हतं, मागचं एक चाक कोरडंच राहिलं.

निवडणूक झाली. गेलनचा पक्ष जिंकला. शनिवारी मार्लिस मला घेऊन चौकात आली. थंडी कडाक्याची होती, माणसं थोडी होती. हरलेली उमेदवार आलीच नाही. जिंकलेला आला, फोटोपुरता. मार्लिसने त्याला बोलावलं.

"या, बसा."

"नको, धन्यवाद."

"अहो, बसा तरी."

"नाही, मला पुढे कार्यक्रम आहे."

तिने हसून तिसऱ्यांदा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला आणि गाडीत बसून निघूनही गेला! तिला वाटलं होतं तो येणारच. मला अजून तिचा चेहरा आठवतो. कुणी मुस्काटात मारावी तशी ती बघत राहिली. लोक पांगायला लागले.

तेवढ्यात ती माझ्यावर चढली आणि लगाम घेऊन हरलेल्याच्या जागी बसली. तिचाच पक्ष हरला होता ना. मग तिने चौकापलीकडे, पशुखाद्याच्या दुकानाशी उभ्या असलेल्या भावाला मान हलवून बोलावलं. गेलन आला, हळूहळू, खिशात हात घालून.

"चल, बस," ती म्हणाली. "तुझे जिंकलेत."

"नको."

"बस रे. एक फेरी."

"नको गं. गुडघा दुखतोय."

मी वाट बघत होतो. घोडेही थांबले होते. गेलन घरी जायला वळला नव्हता, हे मला दिसत होतं. नको म्हणणारा माणूस निघून जातो. हा जागचा हलत नव्हता. आता फक्त एकदा, फक्त एकदा विचारायचं होतं.

पण सकाळपासून तिने नकार फार ऐकले होते. परक्या माणसाला तिसऱ्यांदा विचारून ती नुकतीच तोंडघशी पडली होती. तिने समोर बघितलं, डोळे पुसले आणि लगाम झटकला.

रिकाम्या जागेसह आम्ही चौकाला फेरी मारली. मागचं चाक रडत होतं. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

फेब्रुवारीत मार्लिस गेली. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. अंत्यविधीत गेलन सगळ्यात मागच्या बाकावर बसला होता म्हणे. पुढे राजधानीतल्या लोकांनी मतदारसंघांचा पुन्हा एक नकाशा आखला. आता नॉर्डाल दोन मतदारसंघांत आहे आणि सीमा नेमकी या दोघांच्या कुंपणावरून जाते. दोन्हीकडचे खासदार कोण, हे मला माहीत नाही. विचारायलाही कुणी येत नाही. माझ्या बैठकीवर चिमण्यांनी घाण केली आहे.

गेलन कधीमधी येतो. दारात उभा राहतो, आत येत नाही. त्याला वाटतं बहिणीने तोडलं. तिला वाटत होतं भावाने झिडकारलं. खरं काय ते एकट्या मला ठाऊक आहे, कारण लगाम झटकला तेव्हा ती पुढे बघत होती आणि गेलनचा पाय माझ्या पायरीवर होता. पूर्ण भार टाकलेला. मी निघालो तसा तो निसटला.

गाड्याला वाचा नसते, नाहीतर तेवढंच ओरडलो असतो. मार्लिस, थांब. तो चढतोय.