उशाशी दुसरं माणूस

चर्चच्या तळघरातल्या त्या घडीच्या खुर्च्या नुसत्या दिसल्या, तरी व्हर्नेल टिब्सचं डोकं फिरायचं. तीन वर्षं तिथे बैठका चालल्या होत्या. विद्यापीठाची माणसं यायची, भिंतीला कागद चिकटवायची, रंगीत पेनांनी बाण काढायची आणि जाताना "फार मोलाचं बोललात" म्हणायची. मागणी एका ओळीची होती: बाळंतिणीजवळ दुसरं माणूस बसू द्या.

व्हर्नेल वस्तीतल्या बायकांच्या बाळंतपणात उशाशी बसायची. ती नर्स नव्हती, सुईणही नव्हती. पाठ चोळायची, धीर द्यायची आणि डॉक्टर कानाडोळा करू लागला, की त्याला पुन्हा सांगायची. पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणीबरोबर एकच माणूस आत सोडत. नवरा नाहीतर आई आत गेली, की व्हर्नेल खाली बाकावर. आणि काळी बाई "दुखतंय" म्हणाली, की तिथे ते निम्मंच ऐकू जायचं. तिची भाची रोझेल बाळंत झाल्यावर डोकं धरून सांगत राहिली, "फार ठणकतंय." "पहिलटकरीण आहेस, घाबरलीयेस," असं तिला उत्तर मिळालं. बाळ घरी आलं, रोझेल आली नाही.

त्यानंतरच वस्तीतल्या बायका आणि विद्यापीठातली प्राध्यापक डॉ. लेनोरा प्रुइट एकत्र आल्या होत्या. लेनोराही काळीच, पण परगावची, कडक इस्त्रीची. व्हर्नेलला घेऊन ती घरोघरी हिंडली होती, बायकांचं ऐकून दोघींनी अहवाल लिहिला होता. आता गुरुवारी दवाखाना चालवणाऱ्या काउंटी मंडळापुढे सुनावणी होती.

"मिस व्हर्नेल, निष्कर्ष मी मांडते," लेनोरा म्हणाली. "तुम्ही रोझेलचं सांगा."

"पुन्हा?"

"लोकांच्या काळजाला भिडतं ते."

"भिडतं ना! गेल्या वेळी भिडलं आणि सगळे जेवायला गेले. अगं, रोझेल कशी हसायची ते आठवायला बसले, तरी आता मला माइकची खरखरच आठवते. रडायचं आम्ही आणि शहाणपण सांगायचं तुम्ही? दारोदार तुझ्याबरोबर मीच हिंडले ना? मग निष्कर्ष मीच वाचणार."

"आमचे विद्यापीठाचे डीन काय म्हणतील..."

"त्यांना म्हणावं, तुम्ही रडा."

लेनोराला हसू आवरेना. मग ती हळूच म्हणाली, "माझ्या बाळंतपणात काय झालं, ते मीही कुठे बोलले नाही. बोलले तर म्हणतील, बाई स्वतःचं रडगाणं संशोधन म्हणून खपवतेय."

व्हर्नेलने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग ठरलं. कुणीच रडायचं नाही."

गुरुवारी व्हर्नेल चष्मा लावून वाचायला उभी राहिली. दुसरं पान उलटतंय तोच अध्यक्षांनी हात वर केला.

"बाईसाहेब, अहवाल प्राध्यापकबाई सांगतीलच. तुम्ही तुमच्या शब्दांत अनुभव सांगा."

"हे माझेच शब्द आहेत."

"तसं नव्हे, म्हणजे मनापासून..."

लेनोरा ताडकन उठली. "अहवाल आम्ही दोघींनी लिहिलाय. त्या वाचतायत. आपण ऐका."

डीनसाहेबांनी खाली मान घातली. व्हर्नेलने मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मंडळाची कुजबुज झाली आणि अध्यक्षांनी निर्णय सुचवला: सहा महिने प्रयोग म्हणून दुसरं माणूस आत सोडावं. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच.

लेनोरा व्हर्नेलच्या कानाशी लागली, "धोरणात अशीच सुरुवात होते..."

"सुरुवात? नऊ ते पाच?" व्हर्नेलचा आवाज माइकविना शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "अहो, बाळं काय कचेरीत नोकरीला आहेत? रविवारी कळा आल्या तर बाईला काय सांगू, सोमवारपर्यंत दम धर?"

मागे हास्याचा स्फोट झाला. अध्यक्ष हातोडी आपटत राहिले. मंडळावरच्या मिसेस हॅगर्टी, एरवी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्या बाई, डोळे पुसत हसत होत्या. "माझी चारही पहाटे झाली," त्या म्हणाल्या. "वेळेची अट काढा. मी सुचवते."

एका मताच्या फरकाने अट गेली. सहा महिने मात्र तसेच राहिले.

बाहेर डीनसाहेब फोटोसाठी सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करत होते. "मिस टिब्स, तुम्ही मधोमध!" व्हर्नेल थांबली नाही. मासे तळणाऱ्या दुकानाकडे ती तरातरा निघाली. तिचे पाय सुजले होते, पोटात कावळे कोकलत होते, आणि सहा महिन्यांनी हेच सगळं पुन्हा करायचं या विचाराने मस्तक भणभणत होतं.

मागून टाचांचा आवाज आला. लेनोरा धापा टाकत तिला गाठत होती.

"फोटो?"

"काढू देत त्यांना." लेनोरा बरोबरीने चालू लागली. "मिस व्हर्नेल, सहा महिन्यांत पुरावा गोळा करावा लागेल. दर मंगळवारी बैठक ठेवू या का?"

"मंगळवारी माझा गायनाचा सराव असतो."

"मग बुधवारी?"

"आधी मला खाऊ दे, बाई!"