गप्पांची दौड

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. नागपूरच्या सदर भागात एका जिन्याखाली गंजत पडले आहे. चाकांत हवा नाही आणि हँडलवर कोणीही ओलं फडकं वाळत घालतं. पण एके काळी अख्खा फुटबॉल संघ माझ्यामागे धावत असे.

माझे मालक कृष्णकांत सर. दिवसभर कचेरीत कारकुनी आणि उरलेला वेळ मैदानावर संघाला फुटबॉल शिकवणं. सत्तर सालानंतरची गोष्ट आहे ही. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सर खेळाडूंना चेंडू दाखवतच नसत. ते मला अगदी सावकाश चालवत सेमिनरी हिल्सच्या टेकडीकडे निघत आणि सगळ्यांनी गप्पा मारत मागून धावायचं. बोलताना ज्याला धाप लागेल, त्याने वेग कमी करायचा, एवढाच नियम. इतकं हळू जाताना माझा तोल सांभाळणं म्हणजे सरांची कसरतच होती.

"थकलेला पाय असाच मोकळा होतो," सर सांगत, "आणि दमही यानंच वाढतो."

वाढतही असे. दुसऱ्या हाफमध्ये भलेभले संघ आमच्यासमोर गळपटत. चहाच्या टपरीवरची माणसं मात्र आम्हाला पाहून हसत. "वरात निघाली पाहा. नवरदेव कोनता होय गा?"

ही थट्टा रुपरावला फार झोंबली. तो पारशिवनीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमचा हुकमी खेळाडू. अंतिम सामना बघायला रेल्वेच्या संघाचे लोक येणार होते. त्यांच्या नजरेत भरला असता तर त्याची नोकरी पक्की होती.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीची दौड घेतली आणि सगळ्यांना घरी जाऊन पडायला सांगितलं. रुपराव म्हणाला, "सर, सायकल देता का? जरीपटक्याले मामाकडे जाऊन येतो."

जरीपटक्याला तो गेलाच नाही. मला टेकडीखाली एका कडुलिंबाला टेकवून तो चढावर जीव खाऊन धावू लागला. खाली आला, पुन्हा वर गेला. "घाम नाही गळला त मेहनत कायची?" तो स्वतःशीच पुटपुटला. उन्हात राबणाऱ्या घरातला तो; सावकाश केलेलं काम त्याला कामचुकारपणाच वाटे. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीही मला मागून नेऊन त्याने हेच केलं. परत येताना पॅडलवर त्याचा पाय थरथरत होता. मला सगळं कळत होतं, पण सायकलीला कुठे बोलता येतं?

अंतिम सामन्यात पहिल्याच हाफमध्ये त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. दोघांनी उचलून त्याला बाहेर आणलं. नोकरी हातची गेली आणि पुढे खेळही सुटला. संघाचे सेक्रेटरी चंपतराव सर्वांदेखत सरांना म्हणाले, "हळू पळवून पळवून तुम्हीच पोराचे पाय आखडवले. उद्यापासून येऊ नका."

रुपराव तिथेच बाकावर पडला होता. त्याने तोंडातून शब्द काढला नाही.

त्यानंतर सर मैदानाचा रस्ता टाळून मला लांबच्या वळशाने कचेरीत नेत. कोणी फुटबॉलचा विषय काढला की उठून जात. मला फार वाईट वाटे.

बऱ्याच वर्षांनी सर अंथरुणाला खिळले, तेव्हा रुपराव लंगडत भेटायला आला. मी दाराशीच उभी होते. सरांनी त्याचा हात धरला. "रुपराव, तुझा पाय माझ्यामुळे गेला. मला माफ कर, बाप्पा."

रुपरावचे ओठ हलले. मला वाटलं, आता हा सांगेल.

"जाऊ द्या न सर. काहून आठवून राहिले," एवढंच तो म्हणाला. बाहेर येऊन माझ्या सीटवर हात ठेवून खूप रडला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात सर वारले.

मित्रांनो, थकलेल्या पायांना विसावा द्या, त्यांचे हाल करू नका. आणि आपल्या चुकीचा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी बसला असेल, तर तो माणूस असेपर्यंत त्याला खरं सांगून टाका. माझ्या सीटवर रडून काय उपयोग? सर आत होते, जागे होते.