आडवं कार्ड

माणूस फोटोला बसला की खोटं बोलायला लागतो. तोंड न उघडता. ओळखपत्रांच्या कार्यालयात फोटोच्या खिडकीमागे बसून आईला हे चांगलं कळलं होतं. टक्कल पडलेले हनुवटी वर करतात, जाडे श्वास आत ओढतात, जणू कार्डावर पोटही छापणार आहे. आणि सतरा वर्षांची पोरं भुवया आवळून एकदम बापासारखी दिसायला बघतात.

"तोंड सैल सोड रे," आई म्हणायची. "कितीही म्हातारा दिसलास तरी कार्ड उभंच मिळणार."

एकवीस पुरी होईपर्यंत कार्ड उभ्या आकाराचं, झाली की आडवं. दारू विकणाऱ्याला वजाबाकी करायला लागू नये म्हणून सरकारनं केलेली ही सोय. उभं कार्ड पुढे आलं की बाटली मागे जाते.

तिच्या मोठ्या मुलाचं कार्ड उभंच राहिलं. अठराव्या वर्षी एका मित्राच्या घरी, त्याचे आईवडील गावाला गेलेले असताना, बाटली तोंडावेगळी न करता संपवायची पैज लागली. तो जिंकला. टाळ्या झाल्या. मग पोरांनी त्याला पलंगावर उताणा झोपवला, वर पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन पुन्हा गाणी लावली. घोरतोय म्हणजे झोपलाय, असा त्यांचा हिशेब. ते घोरणं नव्हतं, ओकारी घशात अडकली होती. कुशीवर वळवायला एक हात पुरला असता.

मेलेल्यांची कार्डं रद्द करायचं कामही आईकडेच होतं. कारण लिहायचं, कार्ड यंत्राखाली धरायचं आणि चेहऱ्याच्या मधोमध भोक पाडायचं. लोकांची कार्डं ती चहा पिता पिता उरकायची. मोठ्याचं मात्र उद्यावर गेलं, मग पुढच्या आठवड्यावर, आणि मग त्याबद्दल विचारणारं कुणी उरलंच नाही. घरी ती आणि धाकटा, दोघंच.

कार्ड छापणाऱ्या यंत्राला शोक कळत नाही. ज्याचं कार्ड रद्द नाही, त्याला एकवीस पुरी होताच ते आपणहून आडवं कार्ड छापून देतं. तसं ते एका सकाळी ट्रेमध्ये येऊन पडलं. यंत्र जुनाच फोटो वापरतं. हा जुना नव्हता. जबडा रुंद झालेला, गालावर खुंट, डाव्या भुवईवर झोक्यावरून पडल्याचा तोच पांढरा व्रण. त्याचे सगळे फोटो आईनं काढले होते, हा काढला नव्हता. घाबरायला हवं होतं. तिच्या मनात आलं, केस किती वाढवलेत. तिनं कार्ड घरी आणून शिवणाच्या डब्यात रिळांखाली ठेवलं. आठवण आली की काढायची, बघायची. पुढे पुढे बघायचीही गरज वाटेना. आहे, एवढं पुरायचं.

एका शनिवारी ती कोपऱ्यावरच्या दुकानात पंखा घ्यायला गेली. अर्ध्या दुकानात किराणा आणि पंखे, अर्ध्यात बाटल्या. दुकानदारानं ते काही महिन्यांपूर्वीच चालवायला घेतलं होतं. पंखा घरी पोचवायचा म्हणून त्यानं पत्ता विचारला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, त्याच्या कार्डावर हाच पत्ता आहे. म्हणजे तुमचाच मोठा येतो होय? गुणी पोरगा. मी मागायच्या आधीच कार्ड काढून ठेवतो."

"मोठा?"

"मी डोळे मिटून देत नाही हं. मागे एक पोरगी बहिणीचं कार्ड घेऊन आली होती, आत्याबाईसारखा अंबाडा घालून. तेव्हापासून सगळ्यांना केस मागे घ्यायला लावतो. कार्डावर व्रण, कपाळावर व्रण. जुळलं तरच बाटली."

"किती नेतो?"

"आधी एखादी न्यायचा. आता पिशवी आणतो. पण कार्ड आडवं आहे, ताई. मग आपण कोण विचारणारे?"

आई पंखा न घेताच निघाली. धाकट्याच्या कपाळावर कसलाही व्रण नव्हता.

धाकटा आरशासमोर उभा होता. केस हल्ली डोळ्यांवर आलेले असायचे. फॅशन असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

"केस वर कर."

"आई, काय गं."

"कर म्हणते ना."

डाव्या भुवईवर व्रण होता. पांढरा, मुरलेला, लहानपणापासून असावा तसा.

"कापून घेतलंस?"

"पांढऱ्या पेनानं काढला होता, पहिल्या वेळी. घरी येऊन धुतला तर जाईना." तो हसला. "म्हटलं बरं झालं, दर वेळी काढायला नको." मग हसू विरलं. "तो दुकानवाला मला दादाच्या नावानं हाक मारतो. मी ओ देतो. आता टाकीकडेसुद्धा कुणी दादाचं नाव घेतलं की मीच वळतो. आणि पिताना किती झाली ते कळतच नाही गं. माझा घसाच नसल्यासारखं."

टाकी हा त्याचा मित्र. पिण्यात कुणाला हार जात नाही म्हणून टाकी.

"आज टाकीकडे पैज आहे," धाकटा म्हणाला.

"कसली?"

"तीच. दादाची."

"कुणी लावली?"

"सगळे म्हणतात मीच लावली. मला आठवत नाही."

आईनं हात पुढे केला. त्यानं खिशातलं कार्ड दिलं, शिवणाच्या डब्यातून उचललेलं. फोटोतला जबडा निमुळता झाला होता. गाल धाकट्याचे, नाक धाकट्याचं. भुवईवर काही नव्हतं. व्रण कार्डावरून उठून गेला होता.

तिनं टाकीच्या आईला फोन केला. "आमचा नाही हो तसला," ती म्हणाली. "त्याला साध्या सरबतानं सर्दी होते."

"त्याला टाकी का म्हणतात, ते विचारा," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

कार्यालय शनिवारी दुपारपर्यंतच उघडं असायचं. ती चप्पल घालत होती तेव्हा धाकटा मागून म्हणाला, "बाहेरून कुलूप लाव. माझा भरवसा नाही."

तिनं लावलं.

खिडक्या बंद होत होत्या. शेजारच्या टेबलावरची बाई पर्स आवरत म्हणाली, "आत्ता? सोमवारी कर की गं."

"सोमवार फार झाले," आई म्हणाली.

कारणाच्या रकान्यात तिनं 'मृत' लिहिलं. कार्ड यंत्राखाली सरकवलं आणि हात दांड्यावरच थांबला. सुईखाली धाकट्याचा चेहरा होता. भोक नेमकं कुणाला पडणार? सही-शिक्क्यानिशी आपण जिवंत मुलाला तर मृत लिहीत नाही ना?

मग तिनं फोटोचे डोळे पाहिले. फोटो काढताना सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. धाकटाही बघतो, भुवया आवळून. एक मोठाच असा होता की कितीही सांगा, भिंगाच्या जरा वर बघायचा, मागे बसलेल्या आईकडे. कार्डावरचे डोळे जरा वर बघत होते.

"चल बाळा," ती म्हणाली आणि दांडा खाली दाबला.

घराचं कुलूप काढताना तिला आतून घोरणं ऐकू आलं.

किल्ली दोनदा उलटी फिरली. आत पलंगाखाली एक रिकामी बाटली लोळत होती, पैजेआधीच्या सरावाची असावी. धाकटा पलंगावर होता. कुशीवर. पाठीमागे जाड रजई घट्ट गुंडाळून खोचलेली, तिच्यामागे उशी दाबून बसवलेली, झोपेत उताणं होताच येऊ नये अशी. चादरीवर तोंडासमोर ओकारीचा डाग होता, आणि श्वास मोकळा चालला होता.

रजई कपाटाच्या वरच्या खणात असायची. धाकट्याला तिचा पत्ताच नव्हता.

तिनं त्याला गदागदा हलवलं. "ए. माझ्याकडे बघ. रजई कुणी लावली?"

त्यानं मोठ्या कष्टानं डोळे उघडले. "तूच ना," तो पुटपुटला. "आत्ताच नाही का वळवलंस... किती जोरात वळवतेस."

आईनं एका हातानं फोन काढून डॉक्टरांना लावला. दुसऱ्या हातानं त्याचे केस मागे घेतले. कपाळ घामानं भिजलं होतं आणि भुवईवरून पांढरी शाई गालावर ओघळली होती. तिनं ओला रुमाल फिरवला.

शाई निघाली.