अठ्ठावीस दिवसांनी

“थांब, मी आधी मागे सरकते, मग घे,” म्हणत सासूबाईंनी, ताईंनी, ताट उंबऱ्यापाशी ठेवलं.

पाळीत बाजूला बसणारी मराठी घरं माळव्यातल्या धारमध्ये आता बोटांवर मोजण्याइतकी. माधवीचं सासर त्यांतलं. महिन्याचे चार दिवस मागची खोली, वेगळी चटई, वेगळा तांब्या. मैत्रिणींना तिची दया यायची. ती निमूट घ्यायची, कारण खरं सांगण्यासारखं नव्हतं: कोणी हाक मारत नाही अशी तिला घरात एवढीच जागा होती.

पुण्याची भाची सुटीत फ्रेंचचं पाठ्यपुस्तक विसरून गेली ते याच खोलीत. अठरा वर्षं, महिन्याला चार दिवस, पुढे मोबाइलवरचा शब्दकोश. एवढ्यावर माधवी फ्रेंच शिकली. आता एका अल्जीरियन बाईची कादंबरी मराठीत आणत होती. त्यातल्या बायकांना घराची फक्त गच्ची मिळते, तीही पुरुष दुपारी झोपल्यावर. आईची ती गच्ची लेक फ्रेंच साहेबाच्या भाषेत लिहिते, आणि आईला ती वाचता येत नाही. इथे माधवीला हसू यायचं. तिच्या लेकाला, अंशुलला, मराठी वाचता येत नव्हतं. “मम्मी, ये पढेगा कौन?” तो विचारायचा. पुण्याचे प्रकाशक छापणार होते. शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

आणि पाळी कधीच गेली होती. माधवीने घरात सांगितलं नाही. कॅलेंडर पाहायची आणि दर अठ्ठावीस दिवसांनी खोलीत जाऊन बसायची.

ताट ठेवून ताई गेल्या नव्हत्या.

“कितवं गं तुला?”

“एकावन्न लागलं.”

“या वयात बायकांचं मागेपुढे होतं. दोन महिने नाही, मग एकदम पंधरवड्यात. तुझंच बरं घड्याळासारखं?”

ब्याऐंशी वर्षांच्या ताईंनी या दिवसांत तिची सावली कधी अंगावर घेतली नव्हती. त्यांनी उंबरा ओलांडला आणि सुनेचं मनगट धरलं. सोडलं नाही.

“किती महिने?”

“अकरा. ताई, एकच महिना द्या. एक प्रकरण राहिलंय.”

“मला काय सांगतेस? मी अडीच वर्षं बसले इथे, खोटीच. मला लिहायचं-बिहायचं नव्हतं. नुसती पडून राहायचे. सासूबाईंनी दंडाला धरून बाहेर काढलं, चार जावांसमोर.”

“मग तुम्हाला तर ठाऊक आहे…”

“ठाऊक आहे म्हणूनच. मला कोणी दिला होता महिना?” आवाज जराही चढला नाही. “रविवारी कुळधर्म आहे. आता सोवळ्यातलं सगळं तुझं. माझे गुडघे गेले.”

चिंतामणीला नवरा म्हणून राग वगैरे आला नाही. तो खूशच झाला. “गेहूंवाल्या भियाला बोलतो, शनिवारीच आण म्हणून. जगह खाली झाली ना!” वर्षाचा शरबती गहू आला, मागच्या खोलीत कोठ्या भिंतीपर्यंत लागल्या. माधवीच्या वह्या त्याने स्वतः सुतळीने नीट बांधून माळ्यावर टाकल्या.

रविवारी चौदा बायका जेवायला. ताई पाटावर बसून सगळ्यांना सांगत होत्या, “आमची माधवी अकरा महिने उगाच बसली. कामाचा कंटाळा, दुसरं काय!”

“अय्या, खोटंच?” कोणीतरी म्हणालं, आणि चौदाजणी पोट धरून हसल्या.

माधवी ओल्या सोवळ्यात चुलीपुढे होती. शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य सकाळपासून तिच्या मनात मराठीत तयार होतं. सोवळ्यात कागद चालत नाही, फोनही नाही. तो वाजला तेव्हा चिंतामणीनेच उचलला आणि कौतुकाने स्पीकरवर टाकला.

“माधवीबाई, शेवटचं प्रकरण कधी देताय?” प्रकाशक विचारत होते.

“देईल ना, साहेब,” चिंतामणी म्हणाला. “आता तर पूरा महिना तिचाच आहे.”

माधवीने पुढच्या उंड्यात पुरण भरलं, कडा वर ओढून मिटवल्या आणि लाटायला घेतला.