किती मोडलं की दिसतं?

टूथपेस्टची ट्यूब दाबताना भिंगरीच्या तोंडून बारीक आवाजात ‘आई गं’ निघाले. तिने ट्यूब बेसिनच्या कडेवर ठेवली, कोपराने दाबली आणि बाहेर आलेली पेस्ट ब्रशने उचलून घेतली. ही तिची रोजची युक्ती झाली आहे हे कोणालाही कळले असते. आईलाही कळले, पण ती ओट्यापाशी डबा भरत होती आणि उशीर होत होता.

“परत मनगट का?” आईने मान न वळवता विचारले.

“हो.”

“दोनदा फोटो काढला ना आपण? निघालं का काही त्यात?”

“नाही निघालं.”

“मग झालं तर. आवर पटकन. बाबा खाली स्कूटर काढून उभे आहेत.”

दुखणाऱ्या पोराला तुमच्या-आमच्या घरात कोणी तेल चोळते, कोणी जवळ घेते, कोणी नुसतेच ‘बघू’ म्हणते. भिंगरीच्या घरी फोटो काढत, म्हणजे एक्स-रे. तिची आई मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढण्याचे काम करायची. हात कसा ठेवायचा, श्वास कधी रोखायचा, हे सांगण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिने काढलेला फोटो कधी हललेला नसे. या कामाचा तिला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. पण त्या अभिमानातून तिच्या घरात एक कायदा तयार झाला होता. जे फोटोत दिसते ते दुखणे आणि जे दिसत नाही ती नाटके!

भिंगरी नऊ वर्षांची होती. चालायला लागली तेव्हापासून ती कोलांट्या मारायची, म्हणून हे नाव पडले. जिम्नॅस्टिक्सला घातले तेव्हा ती दारातून धावत आत जायची आणि घरी यायला तयार नसायची. मुलीत गुण आहेत हे सरांनी सांगितले, आणि तिथून आईची झोप उडाली. आपण एक दिवस थांबलो की दुसऱ्या कोणाची मुलगी एक दिवस पुढे गेली, हे गणित आईच्या डोक्यात पक्के बसले. ते कोणी बसवले? शेजाऱ्यांनी, इतर मुलींच्या आयांनी, वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या पदकवाल्या पोरांच्या फोटोंनी. थोडक्यात, तुम्ही-आम्ही सगळ्यांनी मिळून.

मग एक क्लास पुरेना. सकाळी शाळेआधी सरांचा हॉल, संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा क्लब. सरांना क्लबचा पत्ता नव्हता आणि क्लबला सरांचा नव्हता. दोघेही आपापल्या परीने मोजूनमापून सराव घेत, आणि त्या दोन मापांची बेरीज फक्त भिंगरीच्या मनगटांना ठाऊक होती. रविवारी दोन्हीकडे सुट्टी असे, तेव्हा आई घरातच गादी अंथरून हातांवर उभे राहायला लावायची. बाबा बेकरीत कामाला होते. पहाटेची पाळी मध्येच सोडून ते स्कूटरवरून ने-आण करत, आणि भिंगरी मागे बसून केळे खात खात शाळेचे मोजे चढवायची. बाबांनी एकदा म्हणून पाहिले होते, “जरा दम घेऊ दे की तिला.” त्यावर आई म्हणाली होती, “दम घ्यायला सगळं आयुष्य पडलंय.” बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. भांडण नको म्हणून गप्प बसणारी माणसेही अशा वेळी गुन्ह्यात निम्मी भागीदार असतात, हे इथे स्पष्ट सांगून टाकतो.

त्या दिवशी भिंगरीला न्यायला आई गेली, तेव्हा सरांनी तिला हॉलबाहेर थांबवले.

“ताई, ही उतरताना हात चोरते आहे. हातांवर भार घ्यायची वेळ आली की आधी डोळे मिटते. हिला विश्रांती मिळते ना? संध्याकाळी काय करते ही?”

“खेळते की. घरीच असते,” आई म्हणाली.

भिंगरी शेजारीच बूट घालत होती. तिने वर पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले. बुटाचा बंद तिला ओढता येत नव्हता, तो तिने दातात धरून ओढला.

जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी पुढच्याच आठवड्यात होती. सरांचे बोलणे आईच्या मनाला लागले, ते मात्र भलत्याच जागी. मुलगी घाबरली आहे आणि ही भीती घालवली पाहिजे, असे तिने ठरवले. दुपारी तिने भिंगरीला रुग्णालयात नेले आणि तिसऱ्यांदा फोटो काढला. अंधाऱ्या खोलीतल्या पडद्यावर भिंगरीचा हात उमटला. पांढरी, स्वच्छ, कोवळी हाडे होती.

“बघ,” आई म्हणाली, “नीट बघ. कुठे आहे का काही?”

भिंगरी पडद्याच्या अगदी जवळ गेली. हरवलेली वस्तू शोधावी तशी ती स्वतःच्या हाडांमध्ये काहीतरी शोधत राहिली.

“आई, किती मोडलं की दिसतं?”

आईला हसू आले. “चीर पडली, कपचा उडाला, की लगेच दिसतं. लपून राहत नाही.”

“मग सुट्टी मिळते?”

“मग काय, प्लास्टर. पण आपल्याला कशाला हवंय ते? आपली हाडं लोखंडी आहेत.”

हा प्रश्न आईने संध्याकाळी नर्सच्या खोलीत गंमत म्हणून सांगितला. सगळ्या हसल्या. एकीने म्हटले, “पोरगी तुमच्यावर गेली, डिपार्टमेंटला घ्या.” आईही हसली. ते हसणे पुढे तिला किती महाग पडणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!

चाचणीला दोन-तीन दिवस उरले होते. शाळा लवकर सुटली होती. बाबा भिंगरीला घरी सोडून बेकरीत परतले, आई येऊन तिला क्लबला नेणार होती. आई नेहमीपेक्षा जरा लवकर आली. आपल्या किल्लीने दार उघडून ती आत शिरली आणि हाक मारणार, तोच आतल्या खोलीतून कपाटाचे दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. मागून रडे आले नाही, ओरडणे आले नाही. नुसता दाबून धरलेला श्वास ऐकू आला.

आई दारातून पाहतच राहिली.

भिंगरी लोखंडी कपाटासमोर उभी होती. उजवे मनगट तिने दाराच्या फटीत ठेवले होते. डाव्या हाताने कपाटाची मूठ धरली होती. ओठ दातांखाली घट्ट दाबले होते, डोळे मिटले होते, आणि ती दार पुन्हा मागे ओढत होती.

“भिंगरे!”

आईने झडप घातली आणि दार धरले. मनगटावर लाल वळ उठला होता. भिंगरीने डोळे उघडले. आपण पकडलो गेलो याची भीती तिच्या तोंडावर नव्हती. तिने मनगट आईपुढे धरले आणि आशेने विचारले, “एकदा मारलं. पण जोरात नाही बसलं. आता फोटोत येईल का गं?”

आई तिथेच फरशीवर बसली. आपल्याच लेकराने आपल्यापुढे पुरावा मांडण्यासाठी स्वतःचे हाड मोडायला घ्यावे! कोणत्या न्यायालयात उभे केले होते आपण तिला?

त्या दिवशी आई एक्स-रेच्या खोलीकडे वळली नाही. सरळ हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाबाही पिठाच्याच कपड्यांत धावत आले. डॉक्टरीणबाई आता निवृत्तीला आल्या होत्या. तोंडाने फटकळ होत्या, पण आईशी त्यांचे कित्येक वर्षांचे नाते होते. आई फोटो काढायची आणि त्या वाचायच्या.

कपाटाचा मार वरवरचा होता. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि मग बोट थोडे मागे सरकवून मनगटाच्या हाडाच्या टोकाशी दाबले. भिंगरी एकदम खुर्चीत आक्रसली. दुसऱ्या हातालाही तेच झाले, आणि तो हात तर कपाटात गेलाच नव्हता.

“कधीपासून दुखतंय, बाळ?”

“यंदाची शाळा सुरू झाली तेव्हापासून.”

“मॅडम,” आई घाईने म्हणाली, “मी तीनदा फोटो काढलाय. स्वच्छ आहे.”

“असेल. तुझा फोटो कधी वाईट नसतो. पण अगं, इतकी वर्षं पोरांची हाडं काढतेस, त्यांच्या टोकाशी ती काळी रेघ दिसते ती काय आहे?”

“वाढीची जागा.”

“म्हणजे तिथे अजून हाड झालेलंच नाही. ते कोवळं आहे, तिथूनच हात लांब व्हायचा आहे. ती जागा दुखावली तर कित्येक आठवडे, कधी महिनेही तुझ्या फोटोत काही येत नाही. येतं कशात माहितेय? मुलाच्या बोलण्यात. आणि ती तर महिनोन्महिने सांगत होती.”

आईने वाकून भिंगरीच्या मनगटाकडे पाहिले.

“मोठ्या माणसाचं शरीर झिजलं तर झिजलं, पण ते बांधून झालेलं असतं. पोराचं अजून बांधकाम चालू आहे. ओल्या भिंतीवर तू रोज उड्या मारायला लावतेस. खेळू नये असं मी म्हणत नाही, खेळलंच पाहिजे. पण एक साधा नियम आहे. मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याचा सराव नको. दर आठवड्याला एखाददुसरा दिवस पूर्ण सुट्टी हवी. वर्षातून काही आठवडे तो खेळच बंद ठेवायचा, दुसरं काहीतरी हुंदडायचं. हिचे किती तास होतात?”

आई बोटांवर मोजू लागली. सकाळचे, मग संध्याकाळचे, मग रविवारचे. मध्येच तिने बोटे मिटून घेतली.

“सांग ना.”

“दुपटीच्या वर जातात, मॅडम.”

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इथे तरी आईने थांबायला हवे होते. पण हाव माणसाला इतक्या सहज सोडत नाही. आईने विचारले, “परवा चाचणी आहे. पट्टी बांधून, एवढी एकच... तेवढं झालं की मी तिला हवी तितकी विश्रांती देईन.” बोलता बोलता ती रडू लागली.

डॉक्टरीणबाईंच्या आधी भिंगरीच बोलली. खुर्चीवरून उतरून ती आईजवळ आली आणि दुखऱ्या हाताने आईचा पदर धरला.

“पट्टी बांधा, बाई. मी करते. आई, तू रडू नको ना.”

कपाटात हात घालणारी मुलगी आईचे डोळे पुसायला तोच हात मोडून द्यायला तयार होती! आईने तिला उचलून घेतले, पार बाळासारखे, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “चाचणी नाही. काही नाही. माझं चुकलं, मॅडम. हात वाचेल ना हिचा?”

“दुखणं थांबेल. हात सरळ वाढेल की नाही ते आज नाही सांगता येणार. थांबायचं आणि वाट पाहायची.”

दुसऱ्या दिवशी आई दोन्हीकडे गेली आणि खरे काय ते सांगितले. क्लबमध्ये “बरं” म्हणून यादीतून नाव खोडले गेले. सर मात्र संतापले. “तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आणि मी त्या हातांवर भार टाकत राहिलो. आता मला रात्री झोप लागेल का, ताई?”

वाट पाहणे अजून चालू आहे. डॉक्टरीणबाई दर खेपेला दोन्ही मनगटे शेजारी शेजारी ठेवून मोजतात आणि अजून ठाम काही बोलत नाहीत. पहिले काही दिवस भिंगरीला संध्याकाळचे काय करायचे हेच कळत नसे. मोकळा वेळ हातात आला की ती विचारायची, “आता काय करायचं असतं?” मग हळूहळू ती खालच्या गल्लीत मुलांबरोबर लपाछपी खेळू लागली.

एका संध्याकाळी ती लंगडत वर आली. गुडघा खरचटला होता. “आई, दुखतंय,” ती म्हणाली. आणि आईने काही म्हणायच्या आत तिने दाराजवळच्या चपला घातल्या, खुंटीवरची घराची किल्ली काढून आईपुढे धरली आणि निमूट उभी राहिली.

“हे काय? कुठे निघालीस?”

“फोटो काढायला नको जायला?”

आईने किल्ली घेऊन परत खुंटीला लावली. लेकीला मांडीवर बसवून जखम धुतली आणि म्हणाली, “तू सांगितलंस ना दुखतंय? मग दुखतंय.”

मंडळी, आपली मुले खेळावीत, जिंकावीतही. पण मूल ‘दुखतंय’ म्हणाले की सराव तिथे थांबला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्याकडे पुरावा मागायचा नाही. पदक पुढच्या वर्षीही मिळेल. लेकराचा आपल्यावरचा विश्वास एकदा गेला की तो परत यायला फार वेळ लागतो. भिंगरीने आईकडे टक लावून पाहिले आणि विचारले, “खरंच? नुसतं सांगितलं तरी चालतं?”